‘रसद’मध्ये अडकलेले खिळे

माझ्या धाकट्या भावाला, मार्तंडला, लढायांचं भारी वेड. लढायचं मात्र नेहमी दुसऱ्यानं. परभणीत त्यानं कॉम्प्युटरचा क्लास काढला आणि पोरांना शिकवता शिकवता स्वतःच एक खेळ रचला. नाव ‘रसद’. गोदाकाठचे दोन राजे, त्यांच्या फौजा, धान्याची कोठारं. कुठल्या फौजेला किती पोती पोचवायची हे चुकलं की बसल्या जागी राज्य बुडायचं. पडद्यावर नुसते ठिपके आणि इंग्रजी आकडे. शेजारी नियमांचं पुस्तक उघडं ठेवल्याशिवाय ब्रह्मदेवालाही तो खेळता आला नसता.

ते पुस्तक मी लिहिलं आणि छापलंही मीच. सासऱ्यांच्या मागे छापखाना मी चालवत होते. लग्नपत्रिकांवर आमचं घर चालायचं.

अडचण अशी की फ्लॉपी स्वस्त आणि पुस्तक महाग. असले खेळ खेळणारे सगळ्या मराठवाड्यात मूठभर. बत्तीस पानांचे खिळे, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर, जुळवायची मेहनत मात्र तेवढीच, पन्नास प्रती काढा नाहीतर पाच हजार. त्यावर मार्तंडनंच तोड काढली.

“ताई, छापून झाल्यावर खिळे सोडू नकोस. पानं तशीच बांधून ठेव. मागणी आली की नुसता कागद अन् शाई. पुढच्या प्रती निम्म्यात पडतेत बघ.”

“अन् माझ्या पत्रिका कशानं छापू?”

“थोड्या दिवसांचा प्रश्न हाय. पुण्याचे एकजण खेळ विकत घ्यायचा म्हणून बघायला यायलेत. त्यांना पटलं तर हजार पुस्तकं तुझ्याकडंच.”

पत्रिकेत नवरा-नवरीची नावं मोठ्या खिळ्यांत बसतात. पण आमच्याकडं मामा, मावश्या, लेकी-जावई, ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की या’ म्हणणारी चिल्लीपिल्ली, सगळ्यांची नावं लागतात आणि ती बारीक खिळ्यांत. एक नाव गळालं तरी मांडवात रुसवे. माझ्याकडचे बारीक खिळे झाडून सगळे ‘रसद’मध्ये अडकले.

जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराच्या बातम्यांनी गाव तापलेलं असताना ते पुण्याचे गृहस्थ आले. मार्तंडनं त्यांना छापखान्यात आणून बांधलेली पानं दाखवली. मी पोहे केले, वर दोनदा चहा केला. त्यांनी पानांवरून हात फिरवला आणि “वा” म्हणाले. मी तेवढ्यावर खूश.

लग्नसराई आली. आमचा जुळारी मुंजाजी रोज कुरकुरायचा, “ताई, लोक परत चाललेत. सोडू का पानं?” मी नको म्हणायची. मार्तंडला विचारलं की तो म्हणायचा, “होईल गं.” पाडव्यानंतर पोखर्णीचे दत्तराव थोरल्या पोरीच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आले.

“आमच्या घरच्या समद्या पत्रिका तुमच्याच हातच्या हायेत, ताई. दुसरीकडं कुठं जाऊ?”

मी हात जोडून त्यांना परत पाठवलं. एका घराण्याच्या पत्रिका एकाच छापखान्यात होतात. एकदा माणूस दुसरीकडं गेला की त्याच्या सगळ्या लेकरांची लग्नं तिकडं गेली. हे ठाऊक असून पाठवलं, भावाच्या शब्दावर.

वैशाखात मार्तंड आला तो पेढे आणि पिशवी घेऊन. त्याचं लग्न ठरल्याचं मला माहीत होतं. पत्रिकेचा मजकूर कधी देतो याची मी वाटच बघत होते. त्या एका पत्रिकेसाठी मी ‘रसद’ची पानं क्षणात सोडली असती. त्यानं पिशवीतून पत्रिका काढून माझ्या हातात दिली. गुळगुळीत कागद, सोनेरी गणपती, पुण्याची छपाई.

“त्या पुण्याच्या साहेबांनीच करून दिल्या,” तो म्हणाला. “तुझे खिळे अडकलेले होते ना. म्हटलं, ताईला कशाला त्रास.”

मी पत्रिका उलटून मागचं छापखान्याचं नाव वाचलं. मग विचारलं, “पुस्तकाचं काय झालं?”

“ते? ते न्हाई छापणार आता. तुझे नियम त्यांनी इंग्रजी करून खेळातच घातले. छापायचा खर्च कशाला म्हणले.”

“कधी ठरलं हे?”

“शिवरात्रीच्या सुमारास.”

“अन् मला सांगितलं नाहीस?”

“व्यवहार व्हायचा होता ना. पुस्तक छापायला तयार हाय, न्हाईतर खेळ मीच विकतो, असं म्हणून भाव वाढवून मागितला होता मी. तू मधेच पानं सोडली असतीस तर?” मग जरा खांदे उडवून, “नंतर राहूनच गेलं बघ.”

फसवलं याचं दुःख झालंच. पण ते राहूनच गेलं, हे जास्त लागलं. परक्यानं तोंडाला पानं पुसली असती तर मी त्याला चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पाठच्या भावाला काय म्हणायचं?

“देवाच्या पत्रिकेला हळदकुंकू लाव ना, ताई,” तो म्हणाला. “बहिणीचाच मान हाय तो.”

मी लावलं. चारी कोपऱ्यांना, नीट.

“लग्नाला येईन,” मी म्हटलं. “करवली म्हणून उभी राहीन. त्यानंतर तुझा-माझा संबंध नाही.”

तो हसला. त्याला चेष्टाच वाटली. मी उठले आणि पहिल्या पानाची दोरी माझ्या हातानं ओढली. खिळे टेबलावर ढासळले, तेव्हा कुठं त्याचं हसू थांबलं.