निकामी बंदुकीचा दाखला

यशोधननं लंडनमधल्या हॅरोच्या घरात मशीनगन आणली त्या दिवशी उल्का त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, पण ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. दिवसभर लोकांना भूल देणारा हा डॉक्टर नवरा. त्यालाच कुणीतरी भूल घातली असावी.

"अगं, कायद्यानं ही बंदूकच नाही," तो सांगत सुटला. "नुसतं लोखंड."

खरी मशीनगन या देशात साध्या माणसाला घरी ठेवता येतच नाही. पण नळीत लोखंड घालून वेल्डिंग केलं, आतला बोल्ट कापला, बंदुका तपासणाऱ्या अधिकृत प्रूफ हाउसनं शिक्का मारला आणि दाखला दिला, की लायसन्सही लागत नाही.

"आणि दाखला हरवला तर?"

"तर पोलिसांना पटवता पटवता नाकी नऊ येतील. म्हणून तर माझ्या डिग्र्यांच्या फाइलमध्ये ठेवलाय."

बंदूक आणली होती अण्णांसाठी. उल्काचे सासरे चंद्रशेखरराव चव्वेचाळीस साली मराठा पलटणीतून इटलीत लढले होते, आणि त्यांच्याकडे अशीच ब्रेन जातीची मशीनगन होती. साताऱ्याहून ते तीन महिन्यांसाठी येणार म्हटल्यावर पोराला उमाळा आला. अण्णा आले, त्यांनी बंदूक पाहिली, "बरं" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. तीन आठवडे झाले, तिच्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. यशोधनला वाटलं, बाप भारावून गेलाय.

मग आली खंडेनवमी. अण्णांनी पुढच्या खोलीत पाट मांडला. त्यावर यशोधनची डिग्र्यांची फाइल, फाइलवर लाल कापड, कापडावर त्याची उपकरणं, उल्काची कात्री, गाडीच्या किल्ल्या. आणि सगळ्यांवर ठाण मांडून ती ब्रेन, झेंडूची माळ घालून. उल्कानं एक फूल जरा सरळ केलं तर अण्णा कडाडले, "मांडलेली पूजा उद्यापर्यंत हलवायची नाही!" ती मुकाट्यानं मागे झाली. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी सासऱ्यांच्या सोवळ्याचा तिला धाक होता.

यशोधन ड्यूटीवर गेला आणि साडेदहाला खिडक्या पुसणारा माणूस आला. त्यानं काच पुसली, आत पाहिलं, आणि शिडी तिथेच टाकून पळाला.

पाऊण तासानं दारात पोलीस. एक पिकल्या मिशांचा सार्जंट, मागे दोघं, आणि त्या दोघांचे हात कमरेपाशी.

"It's deactivated, आमच्याकडे सर्टिफिकेट आहे," ती कशीबशी म्हणाली.

"मग प्रश्नच नाही, मॅडम," सार्जंट शांतपणे म्हणाला. "दाखवा. पण ते नसेल तर मला ही खरी मशीनगनच समजावी लागेल. मग बंदूकही न्यायची आणि तुमच्या मिस्टरांनाही."

कुठून न्यायचं? ऑपरेशन थिएटरमधून? नोकरी जाईल, नाव जाईल, कदाचित तुरुंग. आणि दाखला सहा पावलांवर होता, मांडलेल्या पूजेच्या तळाशी. तिनं फाइलकडे बोट दाखवलं आणि अण्णांकडे पाहिलं. हा माणूस फूल हलवू देत नाही!

अण्णा उठले. "Boots off, please, Sergeant," म्हणाले. सार्जंटनं निमूटपणे बूट काढले. अण्णांनी अक्षता वाहिल्या, दोन शब्द पुटपुटले आणि पाट किंचित हलवला.

"अण्णा, उद्यापर्यंत..."

"देवी समजून घेईल. यांना समजवायला कागद लागतो. काढ फाइल."

दाखला निघाला, पण नंबर जुळवायचा तर बंदुकीवरचा नंबर दिसेना. त्यात हळदकुंकू गच्च भरलं होतं. उल्कानं जुना टूथब्रश आणला. सार्जंटनंच तो तिच्या हातून घेतला आणि लेकराचे दात घासावेत तसं हळुवार घासलं. एकेक आकडा वर आला. तो वाचत गेला, ती दाखल्यावर बोट फिरवत गेली. शेवटचा सात. इकडेही सात. खाली प्रूफ हाउसचा इवलासा शिक्का.

"All in order," सार्जंट म्हणाला. "ठेवा खुशाल. फक्त खिडकीत नको."

दार बंद झालं आणि उल्का तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली. आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही. इतकं सुटल्यासारखं तिला सोळा वर्षांत वाटलं नव्हतं.

अण्णा तो दाखला घेऊन उभे होते. "यात नेमकं काय लिहिलंय? मराठीत सांग."

"ही बंदूक अशी निकामी केलीय, की तिच्यातून गोळी, छर्रा किंवा दुसरं काहीही सुटू शकणार नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, अण्णा. यशोधननं सांगितलं होतं की तुम्हाला."

"तो 'बंद आहे' म्हणाला. बंद पडलेल्या मी कितीतरी दुरुस्त केल्यात." ते तिच्या शेजारी पायरीवर टेकले. आपल्या शेजारी, पायरीवर, हे तिला नवीनच होतं. "तीन आठवडे वाटत होतं, पोरानं जिवंत आणून ठेवलीय. आणि प्रेमानं आणलीय, म्हणून बोलताही येईना."

उल्कानं वळून माळ घातलेल्या बंदुकीकडे पाहिलं.

"मी हिनं माणसं मारलीत, पोरी. अठरा-एकोणीस वर्षांची. यशोधनला वाटतं, बाप नुसती खांद्यावर घेऊन हिंडला." त्यांनी दाखल्याची घडी घातली आणि पुन्हा उघडली. "तो कितीला येतो?"

"सहाला."

"आल्यावर चहा झाला की त्याला माझ्याजवळ बसव. आज सांगतो त्याला."