ठिणग्या काहून उडून राहिल्या

वरूडले साधनाताईच्या संत्रा पॅकिंगच्या शेडमंदी मी उभा. हातात ग्राइंडर. डोकं बंद.

काम साधं. लहान-मोठे संत्रे येगळे छाटायच्या मशीनच्या आर्मचं भोक जरासं मोठं करायचं, म्हंजे नवी पिन बसते. आर्म एकच. बिघडला तर मशीन बंद, अन् बाहेर ट्रॉलीत संत्रा तपून राहिला.

"अकोल्याचा कारागीर म्हनून बोलावलं तुले," ताईनं सकाळीच सांगतलं.

मी शिकलो व्हिडिओ पाहून. पन ते कोन सांगते.

आर्मले चुंबक लावलं. चिटकलं नाई. रंग चंदेरी. म्हटलं अल्युमिनियम! त्याले मोठ्या दाताचा कार्बाइड बर लागते. बर म्हंजे फिरती छोटी कानसच. बारीक दातात अल्युमिनियम चिकटून बसते, एवढं मले पक्कं माहीत.

लावला फुल स्पीडवर. बर उड्याच मारे. अन् ठिणग्या!

अल्युमिनियममधून ठिणग्या? बंद केलं. बराचे दोन दात गायब.

"काय झालं रे?"

"काई नाई ताई, गरम झालं."

"कोन, मशीन का तू?"

अकोल्याले जठारपेठेत अनुपभाऊले फोन लावला. बर त्याच्याच दुकानातले.

"अबे, स्टेनलेसलेही बहुतेक चिटकत नाई चुंबक. रंग खरवडून पाह्यला का?"

"मशीनले रंग कोन देते भाऊ?"

"दसरा झाला ना बे आत्ताच!"

ताईले विचारलं.

"हो मंग. खंडेनवमीले सारी मशीन चंदेरी केली. पूजेले काय तशीच मांडाची?"

खरवडलं. खाली स्टेनलेस.

आता एकच बर उरला, डबल कटचा, म्हंजे आडव्या-उभ्या बारीक दाताचा. त्याले स्टेनलेस चालते. पन स्पीड? अनुपभाऊ म्हने कमी ठेव. व्हिडिओवाला म्हने, कमी स्पीडवर नुसतं घासत बसलं तर स्टेनलेस आखीन कडक होते. दोघंही खरे असले तर मी करू काय?

"ताई, मले पक्कं माहीत नाई," बोलून गेलो. "हा बर तुटला तर आज काम होनार नाई."

ताईनं माह्याकडं पाह्यलं. "सकाळीच सांगाचं ना बे." मंग पॅकिंगच्या बायांले हाक मारली, ट्रॉली सावलीत घेतली, हातानं छाटाले बसवलं. "आता कर. घाई नोको करू."

स्पीड कमी केला. दाब बरोबर ठेवला. एका जागी थांबलो नाई. बारीक चुरा पडाले लागला. पिन अर्धी गेली, अडकली. आखीन जरासं. गेली.

मशीन चालू झाली. तरी बाया हातानंच छाटून राहिल्या.

"राहू दे त्याहीले," ताई म्हने. "संध्याकाळपर्यंत टिकते का पाहू."

मलेही तेच पाहाचं होतं. पेटीवर बसून राहिलो.