नव्या फितीचा रविवार

शिवणमावशीनं त्या रविवारी सकाळी नसता उद्योग केला. गावच्या ख्रिस्ती देवळातल्या बायबल-वाचनाच्या मोठ्या पुस्तकाला त्या दिवशीचं पान सापडावं म्हणून एक लाल फीत असते. ती टोकाला पार विरली होती. आज आपल्या वर्गातली पोरगी वाचणार आणि असलं लक्तर लोंबतंय? छे! वेदीमागच्या खोलीत बसून तिनं जुनी फीत उसवली, नवी साटिनची टाचली, दातानं दोरा तोडला. तेवढ्यात फुलदाण्या कुठं ठेवायच्या म्हणून कुणीतरी हाक मारली. मावशीनं फीत पानात सारली, पुस्तक मिटलं आणि धावली.

कुठल्या पानात सारली, ते बघितलं का? नाही बघितलं.

आणि आजचा दिवस का साधासुधा होता! वीस वर्षं मावशी पोरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेत होती. दृढीकरणाचा संस्कार झाला की पोरं जी गायब व्हायची, ती थेट स्वतःच्या लग्नालाच देवळात उगवायची. शेवटी गेल्या महिन्यात देवळाच्या सभेत ती ताडकन उभी राहिली. "पोरांना काहीतरी काम द्या. नुसतं 'गप्प बसा' ऐकायला कोण येईल हो?"

रिटायर झालेले पोस्टमास्तर तीस वर्षं देवळात वाचन करत आले होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "वाचन म्हणजे पोरखेळ नाही, बाई. एक चूक झाली तर लोकांचं लक्ष उडतं."

फादर बिचारे कुणालाच दुखवणारे नव्हते. म्हणाले, "एक रविवार बघू. नीट झालं तर दर महिन्याला पोरांचं वाचन. नाही झालं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"कबूल!" मावशी म्हणाली. तिच्या पर्समध्ये बारा पोरांची यादी होती. पहिलं नाव चिमटीचं. ही अकरा वर्षांची, हडकुळी, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाचा रिक्षावाला वळून बघेल.

तर त्या रविवारी, उंची पुरावी म्हणून ठेवलेल्या खोक्यावर चिमटी चढली. पुस्तक उघडलं. पहिल्या बाकावर मास्तर हाताची घडी घालून, तिसऱ्या बाकावर मावशी पदराचं टोक मुठीत धरून. आज वाचायची होती गरीब विधवेच्या पिठाच्या मडक्याची गोष्ट. मावशीनं महिनाभर घोटून घेतली होती.

चिमटीनं सुरुवात केली. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला...

मावशीनं कान टवकारले. फीत! आपणच सारली ती. हे भलतंच पान, नावांची ही लांबलचक वंशावळ. पोरीचा काही दोष नाही आणि बारा पोरांचं मात्र वाटोळं झालं, तेही आपल्या हातानं. उठून ओरडावं तर देवळात तमाशा. बसावं तर पोरगी सगळे पूर्वज संपवूनच खाली उतरणार. "देवा, एवढ्या वेळी सांभाळ रे," ती पुटपुटली.

तिसऱ्या नावाला चिमटी थांबली. तिनं मान वर केली.

"थांबा हं," ती सगळ्या देवळाला म्हणाली. "पान चुकलंय."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. चिमटीला त्याचं काही नाही. ती शांतपणे पानं उलटत राहिली. "आमच्या पानाला मेणबत्तीचा डाग होता... हां, हे बघा!" आणि मग तिनं ती पिठाची गोष्ट अशी वाचली की मडक्यातलं पीठ संपत नाही म्हटल्यावर पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या पुढं वाकून ऐकायला लागल्या. मावशीचा जीव भांड्यात पडला. पण अर्धाच. मास्तर होते ना अजून.

मिस्साची उपासना संपल्यावर त्यांची दारात गाठ पडलीच. मावशीनं आधीच हात जोडले. "मास्तर, पोरीला काही बोलू नका. फीत मी बदलली. चूक माझी."

मास्तरांनी तिला बाजूला घेतलं. मग हळूच म्हणाले, "बाई, पंधरा वर्षांपूर्वी मीही भलतंच पान उघडलं होतं. दुसऱ्याच ओळीला कळलं. पण थांबायची लाज वाटली. अख्खं वाचलं."

"अगं बाई! आणि कुणाला कळलं नाही?"

"कुणालाच नाही. तेव्हापासून दर रविवारी वाचायला उठलो की पोटात गोळा येतो." त्यांनी चिमटीकडे बघितलं. ती आवारात बाकीच्या अकरा पोरांना, त्या खोक्यावरून सगळ्यांची टकली कशी दिसतात, ते सांगत होती. "हिला नाही आला गोळा."

मावशीला एकदम रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही. मास्तरांनी हात पुढं केला. "ती यादी द्या. दुसरं नाव कुणाचं ते बघू. पण फितीला आता हात लावू नका."

मग त्यांनी चिमटीला जवळ बोलावलं. "पुढच्या रविवारी माझं वाचन आहे. तू पहिल्या बाकावर बसायचं. माझं पान चुकलं तर मला सांगायचं."

चिमटीनं विचार केला. "हळू सांगू की मोठ्यानं, आजोबा?"

"मोठ्यानं," मास्तर म्हणाले.