झाकणावरचे नाव

मित्रांनो, तुमच्यासमोर आहे ती एक जुनी काचेची बरणी. वनस्पतींच्या प्रयोगशाळेत, खिडकीखालच्या खोल खणात माझे आयुष्य गेले.

तिथल्या संशोधक बाईंनी मला घासूनपुसून आणले, तेव्हा मी हुरळून गेले होते. बाई रानवनस्पतींमधली अल्कलॉइडे, म्हणजे विषारी द्रव्ये, शोधत. रस्त्याकडेला वाढलेल्या धोतऱ्याची वाळलेली पाने त्यांनी माझ्यात भरली. "यातलंच औषध डॉक्टर डोळे तपासायला वापरतात, आणि यानंच माणूस भ्रमिष्ट होतो," त्या सांगत. खणात वरून वाचता यावे म्हणून नावे झाकणावर चिकटवत.

"बाई, नाव पोटावर चिकटवा की," काचा धुणारे म्हातारे मामा एकदा म्हणाले.

"मामा, तुम्ही काचा सांभाळा, नावांचं मी बघते."

मामांच्या चहातला वाळका पुदिना माझ्या शेजारच्या बरणीत असे. बाईंनीच मोठ्या मनाने ती जागा दिली होती.

एका दुपारी बाईंनी माझ्यातली थोडी पाने वजन करायला काढली. मग स्वतःच्या चहासाठी चिमूटभर पुदिना घेतला. तेवढ्यात फोन वाजला. बोलता बोलता त्यांनी झाकणे लावली. पुदिन्याचे मला, माझे पुदिन्याला!

दुसऱ्या दिवशी मामांनी पुदिना म्हणून माझ्यातली पाने उकळली. सर्दीने त्यांचे नाक चोंदले होते, वास कुठला यायला? मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, पण काचेला कंठ नाही. तासाभरात मामांचा घसा सुकला. ते हवेतले नसलेले धागे वेचू लागले. त्यांच्या डोळ्यांच्या विस्फारलेल्या बाहुल्या बाईंना दिसल्या आणि त्या किंचाळल्याच. मामांना तातडीने दवाखान्यात नेले, म्हणून जीव वाचला.

पुढे प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी चौकशी केली. "झाकणं मीच धुतो, साहेब," मामा मान खाली घालून म्हणाले. "माझंच चुकलं असणार."

बाईंनी फोनकडे पाहिले. तोंड उघडले आणि मिटले. खरे काय ते त्यांना आणि मलाच ठाऊक होते. मामांना कामावरून काढून घरी पाठवले. जाताना त्यांनी मला शेवटचे धुतले, अगदी हळुवारपणे. मला फार रडू आले.

आता माझ्या पोटावर लाल अक्षरांत नाव आहे. मित्रांनो, घरातल्या प्रत्येक बरणीच्या पोटावर नाव लिहा. झाकण काय, कुणाच्याही डोक्यावर बसते. आणि ते चुकीचे तुम्ही बसवले असेल, तर सांगा. तुम्हाला तरी तोंड आहे.