भागूबाईचे चार बांगडे

आमच्या सुर्वे सरांचा एक नियम आहे. रेसिडेंट डॉक्टर पेशंटची केस मांडत असताना बाजूनं कोणी उत्तर कुजबुजायचं नाही. हा नियम झाला तो माझ्यामुळे. बायकांच्या वॉर्डात सतरा वर्षं सिस्टर म्हणून काढल्यावर कागद बघायच्या आधीच बरंचसं कळतं, आणि कळलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही.

त्या दिवशी दुपारी चारला डॉक्टर वेदिकाची केस मांडायची पाळी होती. पोरगी जळगावची, हुशार, पण घरात सात पिढ्यांत कोणी मासळी चाखलेली नाही. खाट नंबर चारवर भागूबाई. ही रत्नागिरीच्या बाजारात मासे विकते. दुपारी जेवून उठली आणि अर्ध्या तासात तोंड लालबुंद, डोकं ठणकतंय, छातीत धडधड, अंगभर खाज. इंजेक्शन दिल्यावर आता उतार होता.

सरांची पद्धत ठरलेली. आधी पेशंटची पूर्ण गोष्ट, मग तीच एका वाक्यात. मग आजाराच्या शक्यता, आणि प्रत्येकीच्या बाजूनं काय, विरुद्ध काय. सगळं झालं की शेवटी, "आता एकच प्रश्न विचारायला मिळाला, तर कोणता विचाराल?"

वेदिकानं पाढे म्हटल्यासारखी केस म्हटली. बांगड्याचं सार खाल्लं, अंग लाल झालं, म्हणजे माशांची अॅलर्जी. घरी जाताना द्यायचा कागदही तिनं लिहून आणला होता. मासे कायमचे बंद, हातसुद्धा लावायचा नाही.

भागूबाईला मासे बंद म्हणजे तिची चूलच बंद.

"विरुद्ध काय?" सरांनी विचारलं.

"विरुद्ध काही नाही, सर."

"अठ्ठावन्न वर्षं बांगडा पचवलेली बाई. आज अचानक?"

मी जीभ दातांखाली धरून ठेवली, कारण मला केव्हाच कळलं होतं. दारात भागूबाईचा मुलगा सदू उभा होता. त्याचं तोंड पिकल्या रातांब्यासारखं लालभडक झालेलं आणि एक हात सारखा मान खाजवत होता.

वेदिका खाली वाकली. "मावशी, रोज खाता, मग आज काय वेगळं होतं?"

"कायच नाय. ताजा फडफडीत बांगडा. माज्याकडं शिळा नसतोच."

हे सांगताना भागूबाई बघत होती खाट नंबर पाचकडे. पाचवर साखर वाढून आलेली गंगाबाई, भागूबाईचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. गंगाबाईला कळलं की गावाला दवंडी पिटायची गरज उरत नाही. वेदिकानंही तिकडे एकदा बघितलं. मग तिची नजर दाराकडे गेली.

"दादा, तुम्ही काय जेवलात?"

सदूनं आईकडे बघितलं.

"पेज," भागूबाई म्हणाली. "पेज जेवलाय तो."

पेज जेवून लाल झालेला माणूस मी सतरा वर्षांत पहिल्यांदाच बघत होते.

"एकच प्रश्न, वेदिका," सर म्हणाले.

पोरीनं चार आणि पाचच्या मधला पडदा ओढला, खाटेवर बसली आणि तो कागद हळू आवाजात वाचून दाखवला. मग म्हणाली, "मावशी, अॅलर्जी असेल तर हे असंच द्यावं लागेल. देऊ का?"

भागूबाईचे डोळे भरले. ती कानात सांगायला लागली, पण जन्मभर बाजारात भाव करणाऱ्या बाईचं कानात सांगणं शेजारच्या वॉर्डापर्यंत जातं. "काल बर्फ संपला, बाय. चार बांगडे दिसभर उन्हात ऱ्हायले. गिऱ्हाईकाला कसे देऊ? टाकवले पन नाय. आज आमी मायलेकानीच खाल्ले. पन बाजारात ह्या कळलं तर माज्या टोपलीकडं कोन बघल?"

पडद्यामागून आवाज आला. "भागू, काल सकाळी आमच्या सुनेनं तुज्याकडचेच बांगडे नेले. मी दुपारी खाल्ले. मला काय झालं नाय."

सरांचा चेहरा उजळला. "ऐकलंत? टोपली एकच. सकाळचे खाल्ले त्यांना काही नाही, उन्हात राहिलेले खाल्ले त्या दोघांनाही त्रास."

"मग अॅलर्जी नाही, सर," वेदिका म्हणाली. "उन्हात बांगड्यात विष तयार झालं. ते शिजवूनही जात नाही." आणि तिनं कागद टराटरा फाडला.

मी मात्र अजून पाचवरच अडकले होते. चार दिवस हॉस्पिटलच्या जेवणावर असलेली बाई बांगडे खाते कुठून? "डबा आत आणला कोणी?" मी ओरडलेच.

"सिस्टर, तुमची केस नंतर," सर म्हणाले.

वेदिकानं नवा कागद लिहिला. मी तो भागूबाईला वाचून दाखवला. अॅलर्जी नाही. मासे खायला, विकायला हरकत नाही. बर्फाविना राहिलेले खाऊ नयेत.

"शेवटची ओळ खोड गो," भागूबाई म्हणाली.

गंगाबाईनं पडदा बाजूला केला. "नको खोडू. चार बांगडे सोता खाल्लेस, पन मला इकले नाहीस. आता मी तुज्या टोपलीत वाकून बघनार पन नाय. डोळे मिटून घेईन."

मला रडू आलं. आलं तर आलं, लाज कसली. डोळे पुसून मी सदूचा केसपेपर काढला आणि त्याला समोर बसवलं.

"काय खाल्लंत?"

सदूनं आईकडे बघितलं.

"सांग," भागूबाई म्हणाली, "मोठ्यानं सांग."