जावबाईच्या नावाचा फोटो

छातीचा फोटो काढणारी गाडी कंपनीच्या आवारात शिरली तेव्हा जया गोणीवर हात टेकून वाकली होती. श्वास पुरत नव्हता, म्हणून ती नुसत्या डोळ्यांनीच सरिताला बोलावत होती.

गारगोटी दळून तिची पिठासारखी पावडर करणारी ती कंपनी मुरबाडच्या बाहेर माळावर होती. धसईकडच्या दहा-बारा बायका तिथं गोण्या भरायला जात. त्यांतल्या या दोघी जावा. जयाचा नवरा काळूराम इथंच दळणाच्या मशीनवर होता. दोनदा क्षयाच्या गोळ्यांचा कोर्स केला, थुंकीत एकदाही जंतू सापडले नाहीत, आणि चाळिशीच्या आत माणूस गेला. त्याच्यामागं जया कामाला लागली आणि वर्षभरानं धाकट्या जावेलाही घेऊन आली. सरिताला इथं लागून आता सहा वर्षं झाली होती.

"सरे, माज्या जागी तू उभी रा," जया धापा टाकत म्हणाली. "तुजी छाती साफ हाय. मागल्या खेपेला आपल्यातल्या त्या लहानीचा फोटो खराब आला नि दुसऱ्या दिवशी तिला गेटवरनंच परत धाडली. माज्या पोरांकडं बघ गो."

"आन् माजा फोटो?"

"तुजा तू परत काढ. इथं आपली तोंडं कोन वळखतंय?"

ते खरंच होतं. पावडरीनं केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं. तोंडाला फडकं बांधलं की दोघींत फरक उरे तो गळ्यातल्या मंगळसूत्राचा. सरितानं ते काढून जयाच्या हातात दिलं. नवरा धडधाकट असताना विधवा जावेच्या हाती मंगळसूत्र देताना तिनं ते आधी मुठीत घट्ट धरलं, मग सोडलं. जयानं ते पदराच्या टोकाला बांधलं.

"नाव?" गाडीतल्या मशीनवाल्यानं विचारलं.

"जया काळूराम."

"गळ्यात काही?"

"नाय."

"श्वास घ्या. धरून ठेवा."

थंडगार पत्र्याला छाती लावून ती उभी राहिली. गाडीच्या दारात सुपरवायझर सुनिल यादी घेऊन उभा होता. तो दोघींना नावानिशी ओळखत होता. त्यानं सरिताकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, आणि जयाच्या नावापुढं खूण केली.

तासाभरानं मंगळसूत्र परत गळ्यात घालून, फडकं बदलून सरिता पुन्हा आत गेली. या वेळी मशीनवाल्यासमोरच मंगळसूत्र काढलं आणि स्वतःचं नाव सांगितलं. सुनिलनं दुसरी खूण केली.

जेवणाच्या सुट्टीत दोघींना ऑफिसात बोलावणं आलं. शहापूरहून आलेल्या डॉक्टर संघरत्ना कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी होते.

"ही फासळी बघा," त्या म्हणाल्या. "कधीतरी मोडून वाकडी जुळलीय. दोन्ही फोटोंत तीच फासळी, तसंच वाकण. ही छाती कुणाची आहे?"

सरिताचा हात नकळत आपल्या फासळीकडं गेला.

"मॅडम, नावांचा घोटाळा झाला असंल," सुनिल दारातून म्हणाला. "फिट लिहून टाका ना."

"फिट?" डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे बारीक ठिपके दिसतात? दगडाची धूळ आहे ती, फुप्फुसात रुतलेली. जिची ही छाती आहे तिनं उद्यापासून या कामावर येऊ नये."

धसईच्या चढावर हल्ली सरिता मागं पडायची, मधेच थांबून चपलेचा बंद नीट करायची. बंद तुटलेला नसायचाच. ते तिनं कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"दोन्ही फोटो जयाचेच असतील," सुनिल सरिताकडं रोखून बघत म्हणाला. "काय गो?"

तेवढ्यात जया पुढं झाली. "व्हय, माजेच. मीच दोनदा उभी रायले. हिचा काय संबंध नाय."

एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं. सरिता गप्प राहिली की उद्या तिचं काम टिकणार होतं. जावेनं ते आपणहून तिच्या ओटीत टाकलं होतं.

"खोटं बोलतेय ती," सरिता म्हणाली. "लहानपणी मोहाच्या झाडावरनं मी पडले व्हते. दोनी फोटो माजे हायत. हिचा अजून काढलाच नाय. काढा."

"सरे!" जया कळवळली.

"तुमी गप बसा, जावबाई. भावजींच्या टायमाला सगळेच गप बसले."

जयाचा फोटो आला. फुप्फुसांचा वरचा निम्मा भाग कापसाचे गोळे कोंबल्यासारखा पांढरा.

"भावजींच्या कागदावर क्षय लिवला व्हता," सरिता म्हणाली. "आमाला काय झालंय ते खरं लिवा, नि कागद आमच्या हातात द्या."

"रिपोर्ट ऑफिसात राहतात," सुनिल पुढं आला.

"शरीर त्यांचं आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि लिहू लागल्या. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं: सिलिकोसिस, दगडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसांचा आजार. सरितानं तो शब्द दोनदा म्हणवून घेतला आणि दोन्ही कागद घडी करून पोलक्यात ठेवले.

दुसऱ्या दिवशी दोघींना गेटवर अडवलं. त्या सरळ सरकारी कचेरीत गेल्या आणि नुकसानभरपाईचा अर्ज दिला. जया पौषात गेली. शेवटचा महिना तिला आडवं होता येत नव्हतं. सरिता पाठीला पाठ लावून तिच्यामागं बसायची. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र तिनं क्षय लिहू दिला नाही. सरिता कागद घेऊन दवाखान्यातच ठाण मांडून बसली होती.

अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. सरिता आता चढावर चारदा थांबते, आणि कुणी विचारलं तर दम लागतो असं सरळ सांगते. कंपनीतल्या नऊ बायकांनी आपापले फोटो मागितले आहेत. गेल्या सोमवारी त्यांच्यातली प्रेमा अंगणात आली, उंबऱ्यापाशी घुटमळली.

"सरिताबाय, माजा कागद मिळाला. पन वाचायची भीती वाटते."

"बस," सरिता म्हणाली. "आपन दोघी मिळून वाचू."