निळ्या खोलीची घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे, आणि मेलेल्यांचे निरोप जिवंतांना पोहोचवण्याचे पवित्र कार्य मी इमानाने केले आहे. निरोप बहुतेक वेळा उंदरांचे असत, पण तो मुद्दा वेगळा.

मित्रांनो, माझा जन्म ग्लासगोच्या एका ओतशाळेतला. तिथून मला डोंगराळ मुलखातल्या डनकॅरिग किल्ल्यात आणले आणि स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात भावंडांच्या ओळीत टांगले. खाली रंगाने लिहिले, 'निळी खोली'. त्या खोलीतला दोर ओढला की भिंतीतली तार हलायची, मी वाजायचे आणि कोणीतरी चहाचा ट्रे घेऊन जिना चढायचे. थोरल्या बाईसाहेब मला इतक्यांदा वाजवत, की भावंडे हेवा करत.

बाईसाहेब वारल्या. खोलीला कुलूप लागले. मी मात्र वाजत राहिले, कारण उंदीर तारेवरून ये-जा करत आणि त्यांना अडवण्याचा माझा स्वभाव नव्हता.

म्हाताऱ्या स्वयंपाकिणीला, एफीला, शिकवण एकच होती : घंटा वाजली की जायचे, कोणी वाजवली ते विचारायचे नाही. ती कुलूप काढून चहा आणि बिस्किटे ठेवून यायची. नंतर पाहावे तर कप भरलेला, बशी रिकामी.

"बाईसाहेबांना माझा चहा पहिल्यापासून पातळच वाटतो," ती म्हणे, "पण खाण्याला कधी नावं नाही ठेवली."

याचा बोभाटा झाला आणि प्रवाशांच्या बसगाड्या येऊ लागल्या. ज्यांनी मला कधी फडके लावले नव्हते, तेही माझ्यापुढे टोपी काढून उभे राहू लागले. मला त्याचे नवल वाटले नाही. उशीर झाला, एवढेच वाटले.

पण धाकट्या साहेबांना, म्हणजे साठी उलटलेल्या रॅनल्डसाहेबांना, माझा लहरीपणा खटकला.

"एफी, लोक तिकीट काढून येतात आणि ही बया गप्प! मी यंत्र आणलंय. बटण दाबलं की बाई रडते."

"कोण बाई?"

"कुठलीही! टेपवरची."

"या घरातल्या बाई कधी रडल्या नाहीत, धाकटे साहेब. ओरडायच्या."

"मग रविवारच्या पाहुण्यांसमोर वाजली तर राहील. नाहीतर भंगारात."

भंगारात! मित्रांनो, मी ठरवले, वाजायचेच.

रविवारी भिजलेल्या कोटांनी बोळ भरला. उंदरांनी नेमका दगा दिला. मी सगळा जोर लावला. पण घंटेला स्वतःला ओढता येत नाही, ही आमच्या जातीची अडचण आहे.

"भूत जेवायला गेलंय वाटतं!" एक जाडे गृहस्थ म्हणाले.

"तू गप्प बस, आर्ची," त्यांची बायको म्हणाली. "तुझं तोंड बघून कोण येईल?"

सगळे हसले. रॅनल्डसाहेबांनी घड्याळ पाहिले आणि खिशातून पेचकस काढला.

आणि मी वाजले! अशी वाजले की भिंतीचा गिलावा खाली आला. बायका किंचाळल्या. आर्ची बायकोच्या मागे गेले. उंदराची ओढ मी ओळखते. ही त्यातली नव्हती.

थोड्या वेळाने एफी धापा टाकत जिना उतरली. टोपी वाकडी झालेली.

"एफी, तुम्ही वर काय करत होता?" रॅनल्डसाहेबांनी दबक्या आवाजात विचारले.

"घंटा वाजली ना, साहेब? मग सरका. चहा थांबलाय."

ट्रे उचलून ती तशीच पुन्हा जिना चढू लागली. साहेबांनी पेचकस खिशात ठेवला. यंत्र दुकानात परत गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर दया करू नका. मी कोणाच्या दयेवर लटकलेली नाही. तिला फक्त तिच्या जागेवर राहू द्या आणि अधूनमधून पुसा. मी अजून त्याच जागी ताठ आहे, आणि लोक माझ्यासमोर श्वास रोखून उभे राहतात.

एफीच्या त्या ओढीने भिंतीतली तार तुटली. तेव्हापासून मी वाजलेली नाही.